घाट दिवसाउजेडी उतरा, कागद आदल्या रात्री बघा

'आम्ही कऱ्हाडचे. १५ ऑगस्टला जोडून रजा टाकून गोकर्ण, मुर्डेश्वर, उडुपी असं चार-पाच दिवसांत गाडीनं करून यायचं ठरवलंय. सोबत सासू-सासरे आणि सहा वर्षांची मुलगी. गाडी मी चालवणार. मी रोज कऱ्हाड-पाटण शाळेला जाते-येते, कुंभार्ली घाटही उतरलेय. यांना चालवता येतं, पण लायसन्सची मुदत संपलीय आणि नूतनीकरण राहिलंय. गाडी दिरांच्या नावावर आहे. शेजारचे म्हणतात, कर्नाटकात एमएच पासिंग दिसलं की पोलिस अडवतातच. सासरे म्हणतात, पावसाचा घाट म्हणजे बाईमाणसाचं काम नाही, ड्रायव्हर घ्या. येताना गोव्यावरून यावं, असा यांचा आग्रह आहे. मी नेमकी कशाची तयारी करू?'
– एक वाचक, कऱ्हाड

नमस्कार.

शेजाऱ्यांनी घातलेली भीती आधी निकालात काढू. महाराष्ट्रात नोंदवलेली खाजगी गाडी देशभर चालते, तुमचं लायसन्सही देशभर चालतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीला फिरायला जाण्यासाठी कर्नाटकात परवाना लागत नाही, प्रवेशकर लागत नाही, कसली एनओसीही लागत नाही. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नव्यानं नोंदणीचा प्रश्न येतो. तुम्ही पाच दिवसांत परत येणार आहात.

कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यापुढे कुणी हात दाखवला तर गाडी बाजूला घ्या, काच खाली करा, कागद दाखवा आणि पुढे निघा. दंड सांगितला तर ई-चलन मागा. पावतीशिवाय रोख द्यायची नाही, एवढं पाळलंत की बहुतेक वाद तिथेच मिटतात. एमएच पासिंगचा खरा त्रास वेगळ्या दिवसांत होतो. सीमावाद तापला की बेळगाव परिसरात दोन्हीकडच्या गाड्या भरडल्या जातात. डिसेंबर २०२२मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडफेक झाली होती, आणि दोन्ही राज्यांच्या एसटी बंद राहण्याचे प्रसंगही येतात. १ नोव्हेंबरच्या आसपास आणि बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा निघण्याआधी बातम्या बघाव्यात. ऑगस्टमध्ये सहसा असं काही नसतं.

आता कागद. आरसी, विमा, पीयूसी आणि तुमचं लायसन्स, एवढीच यादी. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरायची, असा केंद्राचा नियम २०१८च्या नोव्हेंबरपासून आहे आणि तो कर्नाटकालाही लागू आहे. व्हॉट्सअपवर दिरांनी पाठवलेला आरसीचा फोटो मात्र यात बसत नाही. गाडी त्यांच्या नावावर असल्यामुळे आरसी त्यांच्याच डिजिलॉकरमध्ये असणार, म्हणून मूळ स्मार्टकार्ड मागून घ्या आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. यल्लापूरच्या पुढे जंगलात रेंज जाते, तिथे ॲप उघडत बसण्यापेक्षा कार्ड बरं. पीयूसीची तारीख आजच बघा. सगळं तयार असतं आणि नेमकं तेच संपलेलं निघतं.

दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवणं गुन्हा नाही. मालकाची संमती आणि तुमचं चालू लायसन्स एवढं पुरतं. पण दोन गोष्टी घरात बोलून घ्या. पहिली म्हणजे, विम्यासोबत येणारं १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण हे मालक-चालकाचं असतं. चाकामागे मालक नसेल तर ते लागू होत नाही. म्हणजे तुम्ही त्यात येत नाही, सासू-सासरे आणि मुलगी तर नाहीच. प्रवाशांसाठी वेगळं संरक्षण पॉलिसीत आहे का बघा. नसेल तर तुमच्या स्वतःच्या नावानं अपघात विमा घ्या, त्याचा हप्ता फार नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे चलनाचा मेसेज आरसीला जोडलेल्या नंबरवर जातो. वेग वाढला की तुमच्याआधी दिरांना कळेल.

हो, चलनाच्या नावानं फसवणूकही जोरात आहे. 'तुमच्या गाडीवर दंड आहे, ही फाइल उघडा' असा मेसेज आला आणि सोबत एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल असली की ती उघडायची नाही, दिरांनाही हे सांगून ठेवा. खरं चलन परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दिसतं, आणि त्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं.

तुमच्या पतींना एक निरोप द्या. मुदत संपलेल्या लायसन्सवर त्यांनी दहा मिनिटंही गाडी चालवायची नाही, धारवाडच्या सरळ रस्त्यावरसुद्धा नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या सुधारणेनंतर वैध लायसन्सशिवाय गाडी चालवल्यास ५००० रुपये दंड आहे, आणि गाडी हातात दिली म्हणून मालकावरही तेवढीच जबाबदारी येऊ शकते. दंड एक वेळ भरता येईल, पण त्या वेळी कुठे धडक झाली तर विमा कंपनी हात वर करते. ऑगस्टला वेळ आहे. नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन होतो, तो या आठवड्यात करून टाका. लायसन्स हातात आलं तर सपाटीवर ते तुम्हाला विश्रांती देऊ शकतील.

दंडाच्या रकमा राज्याराज्यांत वेगळ्या का, असंही लोक नेहमी विचारतात. कायदा एकच आहे, केंद्राचा. पण जागेवर तडजोड करून किती घ्यायचं ते राज्य ठरवतं. २०१९मध्ये केंद्रानं दंड वाढवल्यावर गुजरात आणि कर्नाटकानं काही रकमा लगेच कमी केल्या. त्यामुळे कऱ्हाडच्या चौकातला आकडा डोक्यात धरून कारवारला हुज्जत घालू नका. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो, हे सासूबाईंना निघण्याआधीच सांगा, गाडीत बसल्यावर सांगितलं की रुसवा होतो. मुलीला पुढे मांडीवर घ्यायचं नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट हवीच, असं कायदा सांगतो. सहा वर्षांच्या मुलीला मोठ्यांचा पट्टा गळ्याशी येतो, तेव्हा बूस्टर सीट घ्या. वेगाचं म्हणाल तर १ ऑगस्ट २०२४पासून कर्नाटक पोलिसांनी ताशी १३०च्या वर गेलेल्यांवर थेट गुन्हा नोंदवायचं धोरण घेतलंय. सासरे मागे बसले असताना तुम्ही तितक्या जाणार नाही, पण निपाणी ते हुबळी हा रस्ता मोहात पाडतो.

कायद्याचं एवढं पुरे. तुमची सहल पोलिस बिघडवणार नाहीत, बिघडवलीच तर पाऊस बिघडवेल. आणि तुमच्या पत्रात पावसाबद्दल सासऱ्यांचं एक वाक्य सोडलं तर काहीच नाही.

कऱ्हाडहून गोकर्ण सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. सरळ रस्ता म्हणजे कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, मग यल्लापूरवरून आरबैल घाट उतरून अंकोला. या वाटेत हवामान तीनदा बदलतं आणि फोनवरचं ॲप तुम्हाला फक्त गोकर्णाचं दाखवतं. म्हणून एका गावाचं बघून निघू नका.

पहिला अडथळा घराजवळच आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुण्या-बंगळूरची वाहतूक बंद पडली. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी असंच चढतं. कोल्हापूरचे लोक पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून दिवस ठरवतात, तुम्हीही तेच करा. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. निघायच्या आदल्या दिवशी पातळी ३९च्या वर आणि वाढती असेल, तर गेलात तरी परत येताना अडकाल. नदीची पातळी आज पडणाऱ्या पावसापेक्षा वर धरणक्षेत्रात पडून गेलेल्या पावसावर ठरते, तेव्हा कऱ्हाडला ऊन पडलंय म्हणून फसू नका.

बेळगाव ते हुबळी पाऊस भुरभुरता असतो. इथे धोका ढगांपेक्षा रस्त्याच्या कामांचा, वळवलेल्या मार्गांचा आणि पाणी साचलेल्या मधल्या लेनचा. ओल्या रस्त्यावर ताशी ८०च्या वर गेलं की झिजलेला टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही. टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात, असं नियम सांगतो. माझ्या मते पावसात कोकणपट्टीत जायचं तर त्याच्या दुप्पट तरी हवी. खाचांच्या मधे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला असेल तर टायर बदला, सहलीच्या खर्चात तो धरा. सोबत वायपरचे रबरही बदला.

मग घाट. भारतीय हवामान विभाग जिल्हावार रंग देतो. पिवळा म्हणजे साधारण २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा जोरदार पाऊस, नारिंगी म्हणजे ११५.६च्या पुढचा, आणि लाल म्हणजे २०४.४ मिलिमीटरच्या वर. आपल्या मराठी बातम्यांत महाराष्ट्राचेच जिल्हे येतात. तुम्हाला बघायचाय तो उत्तर कन्नड जिल्हा, ज्याचं मुख्यालय कारवार, आणि पुढे उडुपी. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर आणि 'मौसम' ॲपवर तो मिळतो. याहून साधी खूण हवी असेल तर तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिलीय का, ते बघा. कारवार-अंकोल्याच्या शाळा बंद ठेवल्या असतील, तर तुम्ही आपली मुलगी घेऊन त्याच घाटात उतरायचं कारण नाही.

पिवळ्या रंगाला घाबरू नका, ऑगस्टमध्ये तो तिथला रोजचा असतो. नारिंगीला घाट दुपारी बारा ते चारच्या मधे, सावकाश. लाल असेल तर हुबळीच्या पुढे जायचं नाही, यावर चर्चा नको.

१६ जुलै २०२४च्या सकाळी अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर डोंगराची कडा कोसळली. रस्त्याकडेचं चहाचं हॉटेल आणि तिथे थांबलेल्या गाड्या मातीसकट गेल्या, काही थेट गंगावळी नदीत. केरळच्या एका चालकाचा ट्रक नदीतून मिळायला सप्टेंबरची २५ तारीख उजाडली. शिरूर तुमच्या वाटेवरच आहे, अंकोल्याहून गोकर्णाला जाताना लागतं. रस्ता रुंद करताना डोंगर उभा कापलेला, खाली नदी, आणि मधे चहाची टपरी, असं चित्र कोकणपट्टीत जागोजागी दिसतं. पावसात अशा कड्याखाली चहाला, फोटोला, मुलीला लघवीला, कशालाच थांबायचं नाही. थांबायचं ते गावात किंवा दोन्हीकडे मोकळी जमीन असेल तिथे. कड्यावरून लाल गढूळ पाणी येतंय, बारीक खडे रस्त्यावर पडलेत, झाडं रस्त्याकडे कललीत, यातलं काहीही दिसलं तर तिथून लवकर पुढे सरका, किंवा मागे फिरा.

आरबैल घाट कुंभार्लीपेक्षा अवघड नाही, पण ट्रक फार. मंगळूर-गोव्याच्या बंदरांची अवजड वाहतूक तिथून जाते. २०२१च्या जुलैत दरडी पडून तो बंदही झाला होता. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर राहा, क्लच दाबून गाडी सोडू नका, नाहीतर ब्रेक तापतात. अरुंद जागी समोरून चढती गाडी आली तर थांबायचं तुम्ही, कारण चढणाऱ्याला वाट द्यायची असते, आणि तिकडचे ट्रकवाले ते गृहीत धरतात. पावसात चारही इंडिकेटर लावून चालण्याची जी फॅशन आलीय ती सोडा. मागच्याला तुम्ही थांबलायत की वळताय ते कळत नाही. साधे दिवे लावा, वरचे नको. काचेवर वाफ धरली की एसीचा झोत काचेकडे वळवा, कपड्यानं पुसत चालवू नका.

रस्त्यावर पाणी वाहत असेल आणि खालची पांढरी पट्टी दिसत नसेल, तर पुढचा ट्रक गेला म्हणून तुम्ही जाऊ नका. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवायची नाही. आत पाणी शिरलेलं असतं आणि सुरू करण्याच्या खटपटीतच इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान मिळत नाही. इंजिन संरक्षणाची जोड घेतली असेल तरच मिळतं, तेही दिरांना विचारा.

तिकडे पाट्या बऱ्याचदा फक्त कन्नडमध्ये असतात. 'निधान' म्हणजे सावकाश, आणि कुणी 'गुड्ड कुसित' म्हणालं तर समजा की पुढे दरड पडलीय. पंपावरच्या माणसाला किंवा एसटी ड्रायव्हरला विचारा, तो ॲपपेक्षा ताजी माहिती देतो. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३, बाकी कशालाही ११२.

सासऱ्यांच्या मताचं काय करायचं ते तुम्ही ठरवाल. मला विचाराल तर रोज पाटणचा रस्ता पावसात करणारी बाई चाकामागे असणं हे अनोळखी, रात्रभर जागून आलेल्या भाड्याच्या ड्रायव्हरपेक्षा बरं. त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मात्र खरा आहे. एकट्या माणसानं साडेचारशे किलोमीटर पावसात चालवून शेवटी घाट उतरणं जिकिरीचं आहे. म्हणून पहाटे पाचला निघा, बेळगावात नाश्ता, हुबळीत लवकर जेवण, आणि तीनच्या आत यल्लापूर सोडा. ते जमत नाही असं हुबळीतच दिसलं तर मुक्काम तिथेच करा. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवून रस्ता बघायचं काम द्या. ड्रायव्हरची मागणी तिथेच मागे पडेल.

येताना गोव्यावरून यायला हरकत नाही. कारवारजवळचा काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ला मध्यरात्रीनंतर कोसळला, वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून चालते, तिथे रांग लागू शकते. वर यायला आंबोली घाट धराल, तर शनिवार-रविवार टाळा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात धुकं, आणि धबधब्याखाली रस्त्यातच उभ्या केलेल्या गाड्या. मित्रांसाठी बाटल्या आणायचा बेत असेल तर तो इथेच रद्द करा. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. गोव्याच्या सीमेजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर उत्पादन शुल्कवाले डिकी उघडायला लावतात, आणि माल सापडला तर गाडीही जप्त होऊ शकते. गाडी दिरांची आहे.

अशीच पत्रं उटीला निघालेल्यांचीही आली आहेत, त्यांना दोन ओळी. म्हैसूरहून जाताना बंडीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. उटीसाठी मे २०२४पासून ई-पास काढावा लागतो, आणि निलगिरीत प्लास्टिकच्या लहान पाण्याच्या बाटल्या नाक्यावर काढून घेतात.

परत तुमच्याकडे. हुबळीला पोचलात आणि उत्तर कन्नड लाल झाला, तर घरी परतू नका. घाटाच्या अलीकडे पूर्वेला पाऊस झपाट्यानं कमी होतो. बदामी हुबळीहून शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे, पुढे पट्टदकल आणि ऐहोळे. ऑगस्टमध्ये तिथले लाल डोंगर हिरवे झालेले असतात, अगस्त्य तलाव भरलेला असतो, आणि दोन दिवस सहज जातात. मुलीला समुद्र नाही म्हणून वाईट वाटेल, पण पावसाळ्यात गोकर्ण-मुर्डेश्वरला तसंही पाण्यात उतरू देत नाहीत. फक्त गोकर्णाचं बुकिंग किती तास आधी रद्द केलं तर पैसे परत मिळतात, ते हॉटेलला आजच फोन करून विचारा. आणि शक्य असेल तर पहिल्या रात्रीचे पैसे आगाऊ भरूच नका.